सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे तबकड्यांची साठवण क्षमता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तबकडीवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्षात मावणारा डेटा यांत मेळ का बसत नाही, ही एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत येत राहते. छापील आकडा सहसा खोटा नसतो. तो कशाचा आकडा आहे, एवढेच सांगितलेले नसते. पुढील उत्तरांत म्हणूनच शक्य तेथे थेट बाइट आणि सेक्टर (डेटाचे ठरावीक आकाराचे गठ्ठे, प्रश्न ३) यांचे आकडे दिले आहेत. जे मुद्दे दुसऱ्या उत्तरात आले आहेत, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे यांत नेमका किती डेटा मावतो?

७४ मिनिटांच्या सीडीत ६८,१९,८४,००० बाइट आणि ८० मिनिटांच्या सीडीत ७३,७२,८०,००० बाइट डेटा मावतो. या दोन सीडी बाजारात अनुक्रमे ६५० आणि ७०० एमबीच्या म्हणून ओळखल्या जातात. एका थराच्या डीव्हीडीत सुमारे ४.७ अब्ज बाइट मावतात आणि दोन थरांच्या डीव्हीडीत सुमारे ८.५ अब्ज. ब्लू-रेचा एक थर २५,०२,५३,१४,८१६ बाइटचा असतो आणि दोन थरांचे बरोबर दुप्पट होतात. २०१० साली आलेल्या बीडीएक्सएल प्रकारात तीन थरांची १०० जीबीची आणि चार थरांची १२८ जीबीची तबकडी मिळते. आठ सेंटीमीटर व्यासाच्या लहान तबकड्याही असतात. त्यांच्या सीडीत साधारण १८५ ते २१० एमबी आणि एका थराच्या डीव्हीडीत सुमारे १.४ जीबी डेटा बसतो.

२. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेले असते, मग कॉम्प्युटर ४.३८ जीबीच का दाखवतो?

तबकडी बनवणारा एक जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट धरतो, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट (१०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४) धरते आणि तरीही त्याला जीबीच म्हणते. कोरी डीव्हीडी-आर (एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी) ४,७०,७३,१९,८०८ बाइटची असते. त्या आकड्याला दुसऱ्या एककाने भागले की ४.३८ येतात, म्हणजे जागा कोठेही गेलेली नसते. याच हिशेबाने २५ जीबीची ब्लू-रे विंडोजमध्ये २३.३ दिसते. मॅकवर २००९ नंतरच्या आवृत्त्यांत दशमान हिशेब असल्यामुळे तेथे छापील आकडाच दिसतो.

खरी गंमत सीडीची आहे. सीडीवरचे ७०० एमबी मुळातच १०२४च्या हिशेबाने मोजलेले असतात, म्हणून ते विंडोजमध्येही ७०३ दिसतात आणि कोणी तक्रार करत नाही. एकाच दुकानात, एकाच फळीवर शेजारी ठेवलेल्या दोन वस्तूंवर दोन वेगळी मापे छापण्याची ही पद्धत ग्राहकाच्या दृष्टीने गैरसोयीचीच म्हटली पाहिजे. सीडी आणि डीव्हीडी यांची तुलना ७०० आणि ४.७ या आकड्यांवरून केली, तर उत्तर चुकते. बाइटांत पाहिले तर डीव्हीडी ८० मिनिटांच्या सीडीच्या ६.४ पट भरते.

३. सेक्टर म्हणजे काय, आणि सगळा हिशेब त्यातच का करायचा?

तबकडीवरचा डेटा सुट्या बाइटांनी लिहिला जात नाही. तो ठरावीक आकाराच्या गठ्ठ्यांत लिहिला जातो आणि त्या गठ्ठ्याला सेक्टर म्हणतात. सीडीवर दर सेकंदाला ७५ सेक्टर वाचले जातात, त्यामुळे ८० मिनिटांचे ३,६०,००० सेक्टर होतात. प्रत्येक सेक्टरमध्ये मुळात २,३५२ बाइट असतात, परंतु संगणकाचा डेटा लिहिताना त्यातले २,०४८च वापरणाऱ्याच्या वाट्याला येतात. उरलेल्यांपैकी १२ बाइट सेक्टरची सुरुवात ओळखण्यासाठी, ४ पत्त्यासाठी, ४ चूक शोधण्यासाठी आणि २७६ ती दुरुस्त करण्यासाठी खर्च होतात, तर ८ राखीव असतात. डीव्हीडी आणि ब्लू-रेमध्येही वापरकर्त्याला मिळणारा सेक्टर २,०४८ बाइटचाच असतो. राइटिंगचे सॉफ्टवेअर तबकडीची माहिती दाखवते, तेथे सेक्टरची संख्या मिळते. तिला २,०४८ ने गुणले की कोणत्याही एककाच्या वादात न पडता खरी क्षमता कळते.

४. तिन्ही डिस्क १२ सेंटीमीटरच्याच असतात, मग क्षमतेत एवढा फरक कसा?

डेटा एका सलग सर्पिल वाटेवर लिहिलेला असतो. ही वाट किती दाट गुंडाळता येते आणि तिच्यावरच्या खुणा किती आखूड करता येतात, यावर क्षमता ठरते. दोन्ही गोष्टींची मर्यादा लेसरच्या ठिपक्याच्या आकारात असते, आणि तो ठिपका प्रकाशाची तरंगलांबी कमी केल्याने किंवा भिंग अधिक ताकदीचे केल्याने लहान होतो. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा आहे, डीव्हीडीचा ६५० आणि ब्लू-रेचा ४०५. वाटेच्या दोन फेऱ्यांमधले अंतर त्याच क्रमाने १.६, ०.७४ आणि ०.३२ मायक्रोमीटर असे कमी होत गेले. सर्वांत आखूड खूण सीडीवर सुमारे ०.८३, डीव्हीडीवर ०.४० आणि ब्लू-रेवर ०.१४९ मायक्रोमीटरची असते. ही वाट उलगडून सरळ केली, तर ७४ मिनिटांच्या सीडीची सुमारे सव्वापाच किलोमीटर, डीव्हीडीच्या एका थराची पावणेबारा आणि ब्लू-रेच्या एका थराची सत्तावीस किलोमीटरच्या आसपास भरते.

मात्र सगळी वाढ ठिपक्याची नाही. फेऱ्यांमधले अंतर आणि खुणेची लांबी जितक्या पटींनी कमी झाली, त्या दोन पटी गुणल्या तर डीव्हीडी ७४ मिनिटांच्या सीडीच्या साडेचार पट व्हायला हवी होती. ती जवळपास सात पट झाली, कारण डेटा खुणांत रूपांतरित करण्याची आणि चुका दुरुस्त करण्याची रीतही अधिक काटकसरीची केली गेली. ब्लू-रेच्या वेळी उलट झाले. गुणाकार सहा पटींहून अधिक येतो, पण प्रत्यक्ष वाढ ५.३ पट आहे, कारण तेथे निवडलेल्या संकेतपद्धतीत सर्वांत आखूड खुणेमागे थोडा कमी डेटा बसतो. अशा आखूड खुणा अचूक ओळखण्यासाठी भिंग डेटाच्या फार जवळ न्यावे लागते, म्हणून ब्लू-रेवर डेटाच्या वरचे संरक्षक आवरण केवळ ०.१ मिलिमीटर जाडीचे आहे.

५. सीडीची ७४ मिनिटे कोठून आली? बीथोव्हेनची गोष्ट खरी आहे का?

बीथोव्हेनची नववी सिंफनी एका तबकडीत बसावी म्हणून सोनीने ७४ मिनिटांचा आग्रह धरला, असे नेहमी सांगितले जाते. सोनीबरोबर सीडी तयार करणाऱ्या फिलिप्समधील अभियंते केस इमिंक यांनी या गोष्टीला आक्षेप घेतला आहे. फिलिप्सशी संबंधित पॉलिग्राम या संगीत कंपनीची हॅनोव्हर येथे ११.५ सेंटीमीटरच्या तबकड्यांची तयारी पुढे गेलेली होती आणि १२ सेंटीमीटरच्या निर्णयाने ती आघाडी संपली, याकडे त्यांनी लक्ष वेधले. व्यापारी कारण अधिक पटण्यासारखे आहे, गोष्ट अधिक गोड आहे. १९८२ साली सीडी बाजारात आली ती १२ सेंटीमीटरची. ८० मिनिटे ही सीडीच्या त्याच ठरलेल्या मापदंडात जेवढी सूट आहे, तिच्या कडेपर्यंत वाट दाट करून मिळवलेली आहेत.

६. ७०० एमबीच्या सीडीतली गाणी कॉम्प्युटरवर घेतली तर ८०० एमबीच्या वर कशी जातात?

गाण्यांच्या सीडीत सेक्टरचे सर्वच्या सर्व २,३५२ बाइट आवाजासाठी वापरले जातात. सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन वाहिन्या आणि प्रत्येक नमुन्याला दोन बाइट धरले की सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात, आणि ते ७५ सेक्टरमध्ये बरोबर बसतात. ८० मिनिटांचे अशा रीतीने ८४,६७,२०,००० बाइट, म्हणजे विंडोजच्या मापाने ८०७ एमबी होतात. आवाजात एखादा बाइट चुकला तर प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून तो भरून काढतो आणि कानाला कळत नाही. हिशेबाच्या फाइलमध्ये मात्र एक बाइट चुकलेला चालत नाही. म्हणूनच डेटाच्या सीडीला प्रश्न ३ मधील जास्तीची दुरुस्ती लागते, आणि तिची किंमत शंभर एमबीच्या आसपास पडते.

७. जुन्या व्हीसीडीतील डॅट फाइल ८०० एमबीची दिसते. ती ७०० एमबीच्या सीडीवर परत का बसत नाही?

व्हीसीडीतही चित्रासाठी वेगळ्या प्रकारचे सेक्टर वापरले जातात आणि त्यांत दुरुस्तीचा मोठा भाग वगळून २,३२४ बाइट मोकळे केलेले असतात. त्यामुळे ८० मिनिटांच्या सीडीवर ८० मिनिटांचे चित्र बसते. मराठी नाटकांचे आणि चित्रपटांचे दोन किंवा तीन व्हीसीडींचे संच मिळत असत, त्यामागे हेच ८० मिनिटांचे गणित होते. एमपीईजीएव्ही या फोल्डरमधली डॅट फाइल डेटा म्हणून उतरवून घेतली की तिचा आकार पूर्ण २,३५२ बाइटच्या सेक्टरनुसार मोजला जातो, आणि ती साधी डेटा सीडी करून लिहायला गेले की जागा अपुरी पडते. सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ सीडी हाच प्रकार निवडून मूळ चित्रफीत द्यावी, म्हणजे ती पूर्वीसारखी बसते.

८. एका सीडीत किती एमपी३ गाणी मावतात?

१२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) गाण्याला सेकंदाला १६,००० बाइट लागतात, त्यामुळे ८० मिनिटांच्या सीडीवर १२ तास ४८ मिनिटांचे संगीत बसते. पाच मिनिटांचे गाणे धरले तर ती दीडशेच्या थोडी वर होतात. ३२० केबीपीएसला हाच आकडा पाच तास आणि काही मिनिटांवर येतो.

९. लग्नाचे तीन तासांचे शूटिंग एका डीव्हीडीत बसेल का? डीव्हीडीवर तर १२० मिनिटे लिहिलेले असते.

बसते, पण चित्राची प्रत किती उतरवायची, हे आधी ठरवावे लागते. डीव्हीडीवरची १२० मिनिटे ही मर्यादा नसून घरगुती रेकॉर्डरच्या साधारण दर्जाचा अंदाज आहे. एका बाइटचे आठ बिट धरले, तर एका थरात साधारण ३७.६ अब्ज बिट असतात. दोन तासांना भागले तर सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट मिळतात, आणि हळद, मिरवणूक, मंडपातली गर्दी अशा हलत्या दृश्यांना तेवढे पुरतात. तीन तासांना ३.५ मेगाबिट मिळतात. स्थिर दृश्यांत फरक जाणवणार नाही, पण अक्षता पडतात त्या क्षणी चित्र चौकटी-चौकटींचे दिसू लागते. अशा वेळी दोन थरांची डीव्हीडी घ्यावी, किंवा सरळ दोन डीव्हीडी कराव्यात. दुसरा मार्ग अधिक स्वस्त आहे आणि जुन्या प्लेअरवर चालण्याची खात्रीही त्यातच अधिक आहे.

उलट बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमांनुसार चित्र, आवाज आणि उपशीर्षके मिळून सेकंदाला १०.०८ मेगाबिटच्या वर जाता येत नाही. त्यामुळे एका तासाचे शूटिंग सर्वोच्च दर्जाने लिहिले तरी डीव्हीडी पूर्ण भरत नाही, आणि रिकामी जागा दिसली म्हणून कारागिराने दर्जा कमी ठेवला असे म्हणता येत नाही.

कॅमेऱ्यातील मूळ मिनी-डीव्ही टेप जशीच्या तशी जपायची असेल, तर गणित पूर्ण बदलते. तिच्या एका तासाला सुमारे १३ जीबी लागतात, म्हणजे तीन डीव्हीडी, किंवा एका ब्लू-रेवर जवळजवळ दोन तास. टेलिव्हिजनवर पाहायची प्रत आणि जपून ठेवायची प्रत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे गिऱ्हाईक आणि स्टुडिओ या दोघांनी आधीच बोलून घेतलेले बरे.

१०. सीटी स्कॅनची सीडी मिळते. तिच्यात सगळ्या प्रतिमा खरोखर बसतात का?

सीटीची एक प्रतिमा सर्वसाधारणपणे ५१२ गुणिले ५१२ बिंदूंची आणि प्रत्येक बिंदूला दोन बाइट अशी असते, म्हणजे ती न दाबता अर्धा एमबी होते. या हिशेबाने एका सीडीत सुमारे १,४०० प्रतिमा बसतात, आणि प्रतिमा पाहण्याचे सॉफ्टवेअर त्याच सीडीवर दिलेले असल्यास थोड्या कमी. पातळ छेदांचे स्कॅन हा आकडा सहज ओलांडतात. मग केंद्र डीव्हीडी देते, किंवा फक्त निवडक मालिका सीडीवर घालते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल, तर सर्व मालिका दिल्या आहेत का, हे केंद्रातच विचारून घ्यावे.

११. देवनागरी मजकूर जास्त जागा घेतो का? एका डीव्हीडीत किती पुस्तके मावतील?

घेतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला, मात्रेला आणि अनुस्वारालाही तीन बाइट लागतात, तर रोमन अक्षराला एक. छापील पानावर २,००० चिन्हे धरली, तर एक पान ६,००० बाइटांच्या आत बसते आणि एका डीव्हीडीवर पावणेआठ लाखांहून अधिक पाने मावतात. मजकुराच्या बाबतीत क्षमता हा प्रश्नच उरत नाही. तीच पाने स्कॅन केली की चित्र उलटे होते. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० बिंदू) रंगीत स्कॅन केलेले एक ए-४ पान न दाबता २६ एमबीचे होते, म्हणजे एका डीव्हीडीत जेमतेम १८० पाने बसतात. पोथ्या किंवा जुनी दप्तरे जपणाऱ्या संस्थांनी म्हणूनच पानांची संख्या मोजण्याआधी स्कॅनचा दर्जा ठरवावा.

१२. दोन थरांच्या डीव्हीडीत ९.४ जीबी का नाहीत, ८.५च का?

दुसऱ्या थरापर्यंत लेसरला पहिल्या अर्धपारदर्शक थरातून जावे लागते आणि परतताना प्रकाश क्षीण होतो. वाचन विश्वासार्ह राहावे म्हणून दोन थरांच्या डीव्हीडीत सर्वांत आखूड खूण ०.४० ऐवजी ०.४४ मायक्रोमीटरची ठेवली आहे, आणि तेवढ्याने प्रत्येक थरामागे क्षमता घटते. ९.४ जीबी हा आकडा दिसला, तर ती दोन्ही बाजूंनी एकेक थर असलेली, हाताने उलटी करावी लागणारी तबकडी समजावी.

१३. डीव्हीडी-आरवर बसलेली इमेज फाइल (तबकडीची एकाच फाइलीतली पूर्ण नक्कल) डीव्हीडी-प्लस-आरवर बसत नाही. असे का?

दोन्हींवर ४.७ जीबी छापलेले असले, तरी डीव्हीडी-आर २२,९८,४९६ सेक्टरची आणि डीव्हीडी-प्लस-आर २२,९५,१०४ सेक्टरची असते. हा ३,३९२ सेक्टरचा, म्हणजे सुमारे सात एमबीचा फरक काठोकाठ भरलेल्या इमेजला आड येतो. दोन थरांत मात्र पारडे फिरते: प्लस प्रकारात ८,५४,७९,९१,५५२ बाइट असतात आणि दुसऱ्यात ८,५४,३६,६६,१७६.

१४. फोल्डरचा आकार कमी आहे, तरी सॉफ्टवेअर जागा नाही म्हणते. चूक कोणाची?

सहसा लहान फाइलींची. तबकडीवर प्रत्येक फाइल नव्या सेक्टरपासून सुरू होते, म्हणून ३०० बाइटची फाइलही २,०४८ बाइट अडवते. अशा एक लाख फाइलींचा डेटा ३ कोटी बाइट भरतो, पण त्या २० कोटींहून अधिक बाइट जागा घेतात, आणि फोल्डरच्या नोंदींना लागणारी जागा वेगळी. सर्व फाइली एका झिप फाइलमध्ये बांधल्या की हा अपव्यय थांबतो.

१५. डीव्हीडीत जागा असूनही ४ जीबीपेक्षा मोठी फाइल का घेत नाही?

ही तबकडीची मर्यादा नाही. आयएसओ ९६६० या फाइल रचनेत एका सलग तुकड्याची लांबी ३२ बिटांत नोंदवली जाते आणि तिची मजल ४ जीबीपर्यंतच जाते. यूडीएफ ही रचना निवडल्यास अडचण येत नाही. चित्रपटांच्या डीव्हीडीत एकच चित्रपट व्हीटीएस_०१_१, व्हीटीएस_०१_२ अशा एकेक जीबीच्या व्हीओबी फाइलींत चिरलेला दिसतो, तो मात्र डीव्हीडी-व्हिडिओच्या स्वतःच्या नियमामुळे.

१६. एकाच सीडीवर थोडे थोडे करून लिहिले, तर जागा वाया जाते का?

होय, आणि बरीच जाते. प्रत्येक सत्राला, म्हणजे एका वेळच्या लेखनाला, सुरुवातीचा आणि शेवटचा पट्टा लागतो. पहिले सत्र बंद करून दुसऱ्याची सोय करताना ११,२५० सेक्टर, म्हणजे २२ एमबी जातात, आणि पुढच्या प्रत्येक सत्रामागे सुमारे १३ एमबी. दहा वेळा लिहिलेल्या सीडीवर सव्वाशे एमबीहून अधिक जागा केवळ या पट्ट्यांत गेलेली असते. सीडी-आरवरची फाइल ‘डिलीट’ केल्याने जागा परत मिळत नाही. फक्त यादीतून नाव जाते.

पेन ड्राइव्हसारखी वापरता यावी म्हणून फॉरमॅट केलेल्या सीडी-आरडब्ल्यूचा (पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीचा) हिशेब आणखी वेगळा आहे. तेथे दर ३२ उपयोगी सेक्टरमागे ७ सेक्टर जोडासाठी सोडावे लागतात, त्यामुळे ७०० एमबीची सीडी पावणेसहाशे एमबीच्या आत येते.

१७. कोरी २५ जीबीची ब्लू-रे फॉरमॅट केल्यावर आणखी लहान का दिसते?

पुन्हा लिहिता येणाऱ्या ब्लू-रेच्या सामान्य फॉरमॅटमध्ये खराब निघालेल्या जागांची बदली म्हणून काही भाग राखून ठेवला जातो. मग २५,०२,५३,१४,८१६ पैकी २४,२२,००,०८,४४८ बाइट वापरण्यास उरतात. प्रश्न २ मधील एककाचा फरक याच्या वर पडतो आणि विंडोजमध्ये आकडा २२.५ च्या आसपास दिसतो. काही सॉफ्टवेअरमध्ये ही राखीव जागा बंद करता येते. एकुलत्या एक प्रतीसाठी तसे करू नये.

१८. बाजारात ९० आणि ९९ मिनिटांच्या सीडी मिळतात. त्या घ्याव्यात का?

महत्त्वाच्या डेटासाठी घेऊ नयेत. या सीडींची वाट प्रमाणापेक्षा दाट असते आणि ती प्रत्येक ड्राइव्हला वाचता येईलच असे नसते. शिवाय सीडीवरच्या पत्त्यात मिनिटांसाठी दोनच अंक असल्यामुळे ९९ मिनिटांच्या पुढे पत्ताच लिहिता येत नाही. साध्या सीडीवर ठरलेल्या मर्यादेपलीकडे मिनिट-दीड मिनिट लिहिण्याला ओव्हरबर्न म्हणतात. ते कधी कधी साधते, पण डेटा अगदी बाहेरच्या कडेला जातो आणि बोटांचे ठसे व ओरखडे आधी तेथेच पडतात.

१९. जास्त वेगाने लिहिले, किंवा डिस्क जुनी झाली, तर क्षमता कमी होते का?

नाही. ५२ एक्स असो वा ८ एक्स, सेक्टरची संख्या तीच राहते. जुनी तबकडी वाचता येईनाशी होऊ शकते, पण तो टिकाऊपणाचा प्रश्न आहे.

२०. १२८ जीबीपेक्षा मोठी ऑप्टिकल डिस्क मिळते का?

घरगुती वापरासाठी नाही. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २०१४ मध्ये ३०० जीबीच्या आर्काइव्हल डिस्कचा आराखडा जाहीर केला होता. तशा तबकड्या संस्थांसाठी पेटीत बसवून येत, आणि सोनीच्या तिसऱ्या पिढीच्या पेटीची क्षमता ५.५ टीबी होती. चीनमधील शांघाय येथील संशोधकांनी २०२४ मध्ये शंभर थरांच्या तबकडीवर १.६ पेटाबिट, म्हणजे सुमारे २०० टीबी क्षमता शक्य असल्याचे दाखवले. ते काम प्रयोगशाळेतले आहे आणि असा ड्राइव्ह दुकानात मिळत नाही. दुसरीकडे सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. मोठ्या तबकडीची वाट पाहण्यापेक्षा आज मिळणाऱ्या २५ आणि ५० जीबीच्या तबकड्यांच्या दोन-दोन प्रती काढाव्यात, आणि त्या वाचणारा एक चालू ड्राइव्हही सोबत जपावा.